धागा: केंद्रातल्या शिक्षकांचे दुवे एका जागी कसे ठेवावेत?

पळसपान | ८ मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी घाटंजी तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे. पहिली ते चौथी, पटावर तेवीस मुलं.

गेल्या वर्षी आमच्या मॅडमची बदली झाली. सहा वर्षं होत्या इथे. निरोप समारंभ झाला, गावच्या बायांनी ओटी भरली, पोरं रडली. काय गेलं ते मला कळलं नंतर, चौथीला अपूर्णांक काढले तेव्हा. मॅडमकडे एक छोटा व्हिडिओ होता, भाकरीचे तुकडे करून अर्धा, पाव, पाऊण समजावणारा. दरवर्षी त्या तोच दाखवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पोरं वर्गात शिरता शिरता सांगायची, "मॅडम, मी आज पाऊण भाकर खाल्ली." मी फोन करून दुवा मागितला. त्या म्हणाल्या, "अगं, तो जुन्या फोनमध्ये होता. तो फोन पाण्यात पडला."

आमच्या केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. चांगले दुवे तिथे रोज येतात, पण पोषण आहाराची माहिती, यू-डायसचे (शाळेची सरकारी माहिती भरण्याचे) स्मरणपत्र आणि वाढदिवसांच्या शुभेच्छा यांच्या मध्ये दबून जातात. तोच दुवा महिन्यातून चार वेळा कोणीतरी मागतं आणि कोणीतरी बिचारं वर सरकवत सरकवत शोधून देतं.

आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. तोवर केंद्रातल्या अकरा शाळांसाठी, तीसेक शिक्षकांसाठी, दुवे साठवायची एक सामायिक जागा करायची आहे. फुकट हवी, मोबाइलवरून चालावी, मराठीत शोधता यावं. तुम्ही कोणी केलं आहे का?

---

वर्धाकाठ | ८ मे, रात्री १०:३५

ताई, फार मोलाचा विषय काढलात. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि हा उद्योग बरीच वर्षं करून राहिलो आहे.

तुम्ही म्हणता त्याला सोशल बुकमार्किंग म्हणतात. ब्राउझरमधली वाचनखूण आपल्या यंत्रात किंवा आपल्याच खात्यात राहते. इथे ती इंटरनेटवर राहते, तिला आपण शब्दांच्या चिठ्ठ्या लावतो (टॅग), आणि दुसऱ्याने लावलेल्या खुणाही आपल्याला दिसतात. याची खरी सुरुवात २००३ मध्ये जोशुआ शॅक्टर यांच्या डिलिशसने झाली. कोणी आधी वर्ग ठरवून दिले नव्हते. लोक आपापल्या शब्दांनी टॅग लावायचे आणि त्यातूनच एक वर्गवारी उभी राहायची. थॉमस व्हँडर वाल यांनी २००४ मध्ये त्याला 'फोक्सॉनॉमी' हे नाव दिलं. लोकांनी केलेली वर्गवारी.

पुढचा भाग नीट वाचा. डिलिशस २००५ मध्ये याहूने घेतलं. २०११ मध्ये ते यूट्यूबच्या संस्थापकांच्या नव्या कंपनीकडे गेलं. मग आणखी हात बदलत २०१७ मध्ये पिनबोर्ड या छोट्या प्रतिस्पर्ध्याने ते अवघ्या ३५ हजार डॉलरला विकत घेतलं, आणि तिथे नवीन खुणा ठेवणं बंद झालं. गूगल बुकमार्क्स सप्टेंबर २०२१ मध्ये बंद झालं. मोझिलाचं पॉकेट जुलै २०२५ मध्ये. म्हणजे तुम्ही आज जे निवडाल तेही कधीतरी बंद पडेल, हे धरूनच चाला.

म्हणून कोणतंही साधन घेण्याआधी मी एकच पाहतो, इथून सामान घेऊन बाहेर पडता येतं का? सगळ्या खुणा एका एचटीएमएल (वेबपानाच्या) किंवा सीएसव्ही (तक्त्याच्या) फायलीत उतरवता आल्या पाहिजेत. एचटीएमएल फाइल क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये सरळ भरता येते. ही सोय नसेल तर साधन कितीही देखणं असो, तिकडे फिरकू नका.

नावं विचाराल तर: रेनड्रॉपमध्ये सामायिक संग्रह फुकट करता येतो, फोनवरच्या 'शेअर'मधून दुवा सरळ आत जातो, आणि सामान बाहेर काढता येतं. डीगो २००६ पासून आहे. त्याची खुबी अशी की पानावरच्या ओळीला रंग देता येतो, बाजूला चिकटचिठ्ठी लावता येते आणि ती गटातल्या सगळ्यांना दिसते. हे मात्र संगणकावर जास्त जमतं. वेकलेट आणि पॅडलेट चित्रांसकट छान पान करून देतात, मुलांना दाखवायला बरे. पॅडलेटवर फुकटात मोजकेच फलक मिळतात.

---

गटसाधन | ९ मे, सकाळी ७:१५

मी साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे शाळांना शिकवण्यात मदत करणारा म्हणून, काम करतो. वर्धाकाठ सरांची माहिती उत्तम आहे, पण तीस शिक्षकांना नवीन अ‍ॅप, नवीन पासवर्ड सांगायला जाल तर पाच जण राहतील. त्यापेक्षा गूगल शीट करा. रकाने: इयत्ता, विषय, घटक, दुवा, शेरा. बस्स. शीट प्रत्येकाला उघडता येते.

---

काळीमाती | ९ मे, सकाळी ८:०२

पळसपान ताई, रिसोडकडून रामराम. आमच्या इकडे काय झालं ते सांगतो राजेहो, मग ठरवा.

तीन वर्षांमागे आमी बी असाच फलक केला होता. लय उत्साह होता. महिनाभरात दोनशेच्या वर दुवे जमा झाले. अन् कोणी उघडूनच पाह्यलं नाही! मले लय वाईट वाटलं. मंग एक दिवस मी सोताच बसलो अन् शिक्षक म्हणून पाह्यलं. 'गणित व्हिडिओ भारी', 'नक्की पहा', 'उपयुक्त'. आता सांगा, सकाळी साडेदहाले वर्गात चाळीस डोये तुमच्याकडं पाहून राहिले, अन् तुमी 'नक्की पहा' वाचून कोणता दुवा उघडसान?

मंग आमी नियम केला. दुवा टाकायचा त्यानं सोता वर्गात वापरलेला पायजे, अन् खाली एक ओळ लिहिली पायजे, की वर्गात काय झालं. दोनशेचे चाळीस राहिले. पण ते चाळीस आजबी वापरात हायेत. एका मॅडमनं लिहिलं होतं: 'तिसऱ्या मिनिटापासून दाखवा, आधीच्या गाण्यावर पोरं नाचायले उठतात अन् मंग बसत नाहीत.' ही एक ओळ मले त्या आख्ख्या व्हिडिओपरीस जास्त कामाची वाटली.

शीट करा का रेनड्रॉप करा, ते तुमचं तुमी पाहा. पण त्या ओळीबिगर करू नोका.

---

पळसपान | ९ मे, दुपारी १:२०

काळीमाती दादा, तुमचा निरोप मी दोनदा वाचला. आमच्या मॅडमचा व्हिडिओ मी शोधत होते, पण खरं तर मला त्या तो कसा दाखवायच्या ते हवं होतं.

काल रात्री रेनड्रॉपवर खातं काढून तीन मैत्रिणींना जोडलं. चौघींनी मिळून बावीस दुवे टाकले. आता गंमत पाहा. एकीने टॅग दिला 'गणित', दुसरीने 'गणीत', तिसरीने 'अंकगणित'. इयत्ता एकीने 'चौथी' लिहिली, एकीने '४थी', एकीने इंग्रजी आकड्यातला चार. 'चौथी' शोधलं की सहाच सापडतात. आणि एक कोडं सुटत नाही: 'वाऱ्याचे काम' हा टॅग दोनदा दिसतो, दोन्ही अगदी सारखे. एकावर टिचकी मारली की दुसऱ्यातले दुवे येत नाहीत. असं का?

---

धानपट्टी | ९ मे, दुपारी ३:४५

ताई, मी गोंदियाकडचा, पेशाने संगणकवाला, पण आई शिक्षिका होती. तुमचं कोडं मराठीचंच आहे.

'वाऱ्या' मधला तो आडवा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त लावतात. काही साधा र घेतात, हलन्त लावतात आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्याला फरक दिसत नाही, पण संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द. 'दुसऱ्या', 'तिसऱ्या', 'शेतकऱ्याचा', जिथे जिथे हा र येतो तिथे ही अडचण येणार. माझा सल्ला, टॅगमध्ये असा शब्दच घेऊ नका. 'वाऱ्याचे काम' ऐवजी 'वारा' ठेवा.

बाकी भानगडींना एक साधा इलाज आहे आणि त्यात गटसाधन सरांची शीटही येते. शीटमध्ये थेट लिहायला लावू नका. एक गूगल फॉर्म करा. इयत्ता आणि विषय निवडायच्या यादीतून. 'चौथी' एकदाच तुम्ही लिहायचं, बाकीच्यांनी फक्त बोट लावायचं. घटकाची नावं बालभारतीच्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून जशीच्या तशी उचला. फॉर्म भरला की सगळं आपोआप शीटमध्ये जमा होतं. शेऱ्याचा रकाना सक्तीचा करा, तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाणारच नाही. काळीमाती भाऊंचा नियम फॉर्मच पाळून घेईल.

---

जुनाग्रंथपाल | १० मे, सकाळी ६:३०

तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात बत्तीस वर्षं काढली. दुव्यांचं मला फारसं कळत नाही, पण हा प्रश्न आमचाच जुना प्रश्न आहे.

पुस्तक कपाटात एकाच जागी ठेवता येतं. कापसावरचं पुस्तक शेतीत ठेवायचं, की व्यापारात, की विदर्भाच्या इतिहासात? एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण मांडलं ते याच अडचणीतून. एका विषयाचे अनेक पैलू वेगवेगळे लिहायचे आणि चिन्हांनी जोडायचे. तुमचे टॅग म्हणजे तेच पैलू. फक्त आमच्याकडे पैलूंची यादी आधी पक्की असायची.

म्हणून धानपट्टी यांचं म्हणणं अर्धं मान्य. यादी पक्की ठेवा, पण एक रकाना मोकळा सोडा. आमच्या वाचनालयात पोरं येऊन म्हणायची, "ते निळं भुताचं पुस्तक द्या." नोंदवहीत ते 'बालकथा' असायचं. मी नोंदीच्या समोर पेन्सिलीने 'निळं, भूत' लिहून ठेवायला लागलो आणि पुस्तक पटकन हाती यायला लागलं. माणूस ज्या शब्दाने मागतो तो शब्दही कुठेतरी लिहिलेला असावा.

---

मोहफूल | १० मे, रात्री ८:१०

धारणी तालुक्यातून लिहितो. सगळं वाचतो आहे. आमच्याकडची गोष्ट थोडी निराळी आहे.

शाळेत रेंज नाही. गावाच्या वर टेकाडावर एक सालईचं झाड आहे, तिथे उभं राहिलं की दोन काड्या येतात. रविवारी मी तिथे जाऊन आठवड्याचं उतरवून आणतो. दुवा आमच्या काही कामाचा नाही. काय उतरवता येतं तेच कामाचं. तर ताई, तुमच्या फॉर्ममध्ये एक रकाना घाला: 'नेटशिवाय चालतं का?'

मी तपासलेलं सांगतो. फेटची विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स, ती कोलोरॅडो विद्यापीठाची, बरीचशी मराठीत आहेत. एकेक सिम्युलेशन एका फायलीत उतरतं आणि ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतं. स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी पीडीएफमध्ये उतरवता येतात आणि परवाना मोकळा असल्याने छापूनही वाटता येतात. दीक्षा अ‍ॅपमधलं साहित्य फोनमध्ये साठवता येतं. पुस्तकावरचा क्यूआर कोड मात्र नेट असेल तिथेच स्कॅन करून ठेवावा लागतो. यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये साठवलेला व्हिडिओ काही वेळाने पुन्हा नेट मागतो, त्याच्या भरवशावर पाठ ठरवू नका. माझी एकदा फजिती झाली, सगळी पोरं टॅबभोवती बसलेली आणि पडद्यावर नुसतं गोल गोल फिरणारं चक्र.

अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची खेळणी सगळ्यांत सोपी. एकदा मी पाहून घेतो, मग वर्गात वीज-नेट काहीच लागत नाही. स्ट्रॉचं टोक चपटं करून, दोन बाजूंनी तिरकं कापून पिपाणी होते. ती फुंकत फुंकत मागून कापत जायचं, आवाज चढत जातो. ध्वनीचा पाठ तिथेच झाला.

आणखी एक. पहिलीतली आमची पोरं घरी कोरकू बोलतात. मराठी गोष्टीत निवेदन फार असेल तर ती गळतात. बोलणं कमी आणि चित्र जास्त अशा साहित्याला वेगळी खूण असावी. हे मेळघाटापुरतं नाही. तुमच्या यवतमाळात कोलामी पोडांवरच्या (वस्त्यांवरच्या) शाळा आहेत, भामरागडकडे माडिया बोली आहे.

---

पळसपान | १० मे, रात्री ९:००

मोहफूल सर, दोन्ही रकाने घातले. कोलाम पोडावरच्या दोन शाळा आमच्याच केंद्रात आहेत, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं याचं मला फार वाटलं.

---

लोणारचा वारा | ११ मे, दुपारी १२:४०

'शेरा' या रकान्याबद्दल माझाही अनुभव.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नवीन कारण फिरत होतं. मी आठवी-नववीच्या मुलांना घरून एक काम दिलं, जे सापडेल त्याचा दुवा ठेवा आणि खाली लिहा, हे कोण सांगतं आहे आणि त्याने पाणी तपासलं आहे का? सुरुवातीला मुलांनी जे मिळेल ते ठेवलं. मग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून सांगितलं की हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे आला. त्या बातमीखाली एका मुलीने लिहिलं, 'यांनी तपासलं.' दोनच शब्द. आधीच्या दुव्यांखाली इतर मुलं आपणहून 'यांनी नाही' लिहायला लागली.

तो संग्रह मी अजून वापरतो. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवर रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेलं, तो दुवाही त्यात आहे. मात्र पाच वर्षांत बरेच दुवे मेले. आता मी दुवा ठेवला की लगेच तोच पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून पानाची प्रत साठवतो. मूळ पान गेलं तरी प्रत उघडते. आणि आखूड केलेले दुवे ठेवू नका, पूर्ण पत्ता ठेवा. गूगलनेही २०१९ नंतर नवे लघुदुवे देणं थांबवलं. मधला दुकानदार गेला की माल कुठे होता तेच कळत नाही.

---

वर्धाकाठ | ११ मे, रात्री ९:२५

एक काळजीची गोष्ट सांगायची राहिली. आपल्यातले बरेच जण वर्गाचे व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर ठेवून 'ज्याच्याकडे दुवा असेल त्याला दिसेल' असं करतात. तो दुवा उद्या जाहीर संग्रहात गेला की मुलांचे चेहरे, हजेरीची नावं, सगळं जगापुढे. फॉर्मच्या वरच्या बाजूला ठळक लिहा, मुलांचे फोटो, नावं, गुणपत्रकं असलेला दुवा इथे टाकू नये. शीट फक्त गटाला दिसेल अशी ठेवा. यात 'बघू नंतर' नको, ताई.

आणि पुस्तकांची पीडीएफ आपल्या ड्राइव्हवर चढवून वाटू नका. बालभारतीच्या पुस्तकांना त्यांच्याच संकेतस्थळाचा दुवा द्या, नोंदी-संज्ञांसाठी मराठी विश्वकोशाचा. नवीन आवृत्ती आली की आपोआप नवीनच उघडते.

---

गटसाधन | १२ मे, सकाळी ७:४०

फॉर्म, शीट, शेरा सक्तीचा. माझी संमती. जूनच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) वीस मिनिटं मिळवून देतो. दर तीन महिन्यांनी शीटची एक प्रत उतरवून केंद्रशाळेच्या संगणकात आणि एका पेनड्राइव्हमध्ये ठेवायची जबाबदारी कोणाची, तेवढं त्या दिवशी ठरवून टाका. नाव ठरलं नाही तर कोणीच ठेवत नाही.

---

पळसपान | २८ जून, रात्री ९:१५

मंडळी, उशीर झाला, पण सांगायला आले आहे.

शिक्षण परिषदेत फॉर्म दाखवला. पहिल्या दिवशी सात दुवे. आज शीटमध्ये ६१ आहेत, चौदा जणांनी भरलेले. सहा मी परत पाठवले, कारण शेऱ्यात नुसतं 'छान' होतं. त्यातले चार नीट ओळ लिहून परत आले. 'मोकळा शब्द' या रकान्यात एकाने 'पोरं गप्प बसतात' लिहिलं आहे आणि सगळ्यात जास्त शोधलं जातं ते तेच, ग्रंथपाल काका. पेनड्राइव्हची जबाबदारी केंद्रशाळेच्या सरांनी हात वर करून घेतली.

बदलून गेलेल्या आमच्या मॅडमनाही फॉर्म पाठवला होता. भाकरीचा व्हिडिओ त्यांनाही कुठे मिळाला नाही. पण फॉर्म त्यांनी भरला. दुव्याच्या जागी 'दुवा नाही' लिहिलं आणि शेऱ्यात भलं मोठं लिहिलं.

---

मोहफूल | २८ जून, रात्री ९:४०

ताई, तो शेरा इथे टाकता का? परवा चौथीला अपूर्णांकच काढणार आहे.

---

पळसपान | २८ जून, रात्री ९:५२

त्यांना विचारून जसाच्या तसा टाकते:

'एक भाकर, चार पोरं. लगेच मोडू देऊ नका. आधी कुठे मोडायची ते बोटाने रेघ ओढून दाखवायला सांगा. "अर्ध्याचं अर्धं" हे त्यांच्या तोंडून येईपर्यंत थांबा, आपण बोलू नका. मग मोडा. कोणीतरी मोठा तुकडा घेईल आणि भांडण होईल. होऊ द्या. समान भाग म्हणजे काय ते त्या भांडणातच कळतं. फळ्यावर १/४ त्यानंतर लिहा. पाऊण शेवटी, एक तुकडा खाऊन झाल्यावर.'

---

मोहफूल | २८ जून, रात्री १०:०५

वहीत उतरवून घेतलं. आमच्याकडे मक्याची भाकर असते, ती रेघेवर मोडत नाही, भुगा होतो. जाडसर थापायला सांगतो घरी. करून पाहतो आणि शेरा भरतो.